व्याही, विहीण आणि अंतिम सामना

सरांना कॉलेजात घेतलं ते खरं म्हणजे ग्रंथालयासाठी. मुलाखतीच्या खोलीत शिरताना ते वाकले, नाहीतर दाराची चौकट कपाळाला लागली असती. ते पाहून प्राचार्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"बास्केटबॉल खेळता?"

"नाही."

"हरकत नाही," प्राचार्य म्हणाले. "मुलींच्या संघाला कोच नाही. दुसरं कोणी मिळेपर्यंत बघा जरा."

दुसरं कोणी मिळेपर्यंत तीसच्या वर वर्षं गेली. पाच प्राचार्य बदलले, हॉलचं छप्पर दोनदा गळून दोनदा दुरुस्त झालं, सरांचे केस काळ्याचे पांढरे झाले आणि मग बरेचसे नाहीसेच झाले. पण दुसरं कोणी काही मिळालं नाही.

पहिल्या वर्षी सर एका हातात शिट्टी आणि दुसऱ्या हातात नियमांचं पुस्तक घेऊन उभे राहत. एखादी मुलगी चेंडू घेऊन धावली, की ते आधी पानं उलटत आणि मग शिट्टी मारत. तोवर ती मुलगी बास्केट करून, पाणी पिऊन परत आलेली असे. ज्ञान कमी पडत होतं, ती कसर सरांनी आवाजाने भरून काढली. पुढे ज्ञान आलं, चांगलं भरपूर आलं, पण आवाज काही गेला नाही. ते हॉलमध्ये "डावीकडे!" म्हणून ओरडले, की शेजारच्या इमारतीत परीक्षेला बसलेली मुलं डावीकडच्याच्या पेपरात डोकावत, असं सांगतात. मुली त्यांना पाठीमागे भोंगा म्हणत. सरांना ते माहीत होतं. "भोंगा तर भोंगा," ते बायकोला म्हणत, "निदान ऐकू तर जातो."

बायको दातांची डॉक्टर होती. दिवसभर लोकांना "तोंड उघडा" आणि घरी आल्यावर नवऱ्याला "तोंड मिटा" म्हणण्यात तिचं आयुष्य चाललं होतं. सामन्यात कोणाला कोपर लागून दात हलला, की सर त्या पोरीला थेट तिच्या खुर्चीत नेऊन बसवत आणि बाहेर येरझाऱ्या घालत. एवढ्या वर्षांत कित्येकींचे दात तिने जागेवर बसवले होते. मुली सरांना घाबरत नसत. हा माणूस ओरडतो, पण पडलो तर उचलायलाही हाच आधी धावतो, हे त्यांना पहिल्या आठवड्यातच कळे.

एवढं सगळं असून सरांच्या संघाला करंडक मिळाला नव्हता. आणि त्याला कारण होती टाचणी.

टाचणी म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कॉलेजची कोच. हे नाव सरांनीच ठेवलेलं. बाई उंचीला सरांच्या कोपराएवढी, पण टोकदार. स्वतः एके काळी उत्तम खेळलेली. सरांचा संघ दर वर्षी धडपडत, ठेचकाळत उपांत्य फेरीपर्यंत नाहीतर अंतिम फेरीपर्यंत पोचायचा, आणि तिथे टाचणी त्याची हवा काढायची. तिचे यजमान जहाजावर नोकरीला होते, वर्षातले बरेच महिने समुद्रावर. सर म्हणत, "शहाणा माणूस आहे."

सरांचा मुलगा मात्र बास्केटबॉलच्या वाऱ्यालाही उभा राहत नसे. भोंग्याच्या घरात वाढलेल्या मुलाने जे करावं तेच त्याने केलं. तो कान तपासणारा झाला. एक दिवस त्याच्याकडे एक मुलगी आली. कानात सारखी शीळ वाजते म्हणाली. त्याने विचारलं, "घरात कोणी फार मोठ्याने बोलतं का?"

"आई," ती म्हणाली. "बास्केटबॉलची कोच आहे."

मुलाने हातातलं यंत्र बाजूला ठेवलं. "माझे वडीलही," तो म्हणाला.

लहानपणापासून जे दुःख कोणालाच सांगता आलं नव्हतं, ते त्या दोघांनी एकमेकांना सांगितलं. तिची शीळ थांबली की नाही ठाऊक नाही, पण वर्षभरात लग्न ठरवायची वेळ आली.

मुलाने घरी सांगितलं तेव्हा सर चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"कोणाची मुलगी म्हणालास?"

मुलाने पुन्हा सांगितलं.

"म्हणजे टाचणी माझी विहीण होणार?"

"अहो, मुलगी कशी आहे ते विचारा ना," बायको म्हणाली.

"मुलगी चांगलीच असणार. तिच्या आईचा बचाव कसा आहे ते मला विचार!"

भेटीचा दिवस ठरला. बायकोने सरांना आधीच बजावून ठेवलं होतं, "बास्केटबॉलमधला ब काढायचा नाही." टाचणीलाही तिच्या मुलीने तशीच तंबी दिली असावी. कारण बाई आल्या, बसल्या, आणि बराच वेळ दोघंही हवेबद्दल बोलत राहिले. हवा संपली. मग पडद्यांच्या रंगाबद्दल बोलले. पडदेही संपले. सर बशीतल्या बिस्किटांकडे बघत बसले. बाईही बघत बसल्या.

"त्या वर्षी," सर शेवटी हळूच म्हणाले, "तुमच्या संघातल्या त्या मुलीचा पाय रेषेवर होता."

"कुठल्या वर्षी?"

"तुम्हाला माहीत आहे कुठल्या."

"रेषेवर नव्हता."

"होता!"

बाईंनी बशी ओढली. "हे बघा. हे बिस्किट म्हणजे माझी मुलगी. हा चमचा म्हणजे रेषा."

"चमचा वाकडा धरताय तुम्ही."

थोड्याच वेळात टेबलावर दोन संघ उभे राहिले. एकीकडे गोड बिस्किटं, दुसरीकडे खारी. साखरदाणी म्हणजे पंच. बायकोने एकदा आत डोकावून पाहिलं, कपाळाला हात लावला आणि मुलांना घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. लग्न तिथेच ठरलं. बाहेरच्या खोलीतल्या दोघांना ते निघायच्या वेळी सांगण्यात आलं. तोवर पुरावा खाल्ला गेला होता आणि वाद तसाच राहिला होता.

लग्न नोंदणी कार्यालयात झालं. मुलांनी नवं घर घेतलं, आणि मग खरी सुरुवात झाली. कपाट कुठे ठेवायचं यावरून व्याही-विहिणींची दोनदा जुंपली. सर म्हणत, खिडकीच्या भिंतीला. बाई म्हणत, दाराच्या भिंतीला. "घर कोणाचं आहे?" असं सुनेने विचारलं, तेव्हा दोघंही एकदम म्हणाले, "तू मध्ये बोलू नकोस."

अशात हिवाळा आला आणि अंतिम सामना लागला. सरांच्या कॉलेजच्या हॉलमध्ये. समोर अर्थातच विहीणबाईंचा संघ. सरांची निवृत्ती पुढच्या वर्षावर आली होती. मुलींनी आपापसात शपथा घेतल्या होत्या. सरांनी त्या दिवशी घसा बसू नये म्हणून सकाळपासून गरम पाणी घेतलं होतं. ते ऐकून सून नवऱ्याला म्हणाली, "आपण दाराजवळच बसू."

सामना सुरू झाला तसा सरांचा भोंगाही सुरू झाला. "उजवीकडे! हात वर! अगं सुतळी, तू नाही, तू बाकावर आहेस!" सुतळी म्हणजे संघातली सगळ्यात बारीक मुलगी. तीन वर्षं बाकावर बसून होती. सरांना वाटे, वाऱ्याने उडेल.

मध्यंतरापर्यंत दोन्ही कोचना आरडाओरड्यासाठी एकेकदा दंड झालेला होता. पंच तरुण आणि सोशिक होता. मध्यंतरानंतर चेंडू बाहेर गेला आणि पंचाने तो विहीणबाईंच्या संघाला दिला. सर रेषा ओलांडून आत आले.

"दिसत नाही का? तिच्या हाताला लागून गेला!"

"आवाज मोठा म्हणून नजरही मोठी असं नसतं, व्याही!" पलीकडून आवाज आला.

"विहीणबाई, तुम्ही तुमच्या बाकावर बसा!"

"का बसू? परवा कपाटाच्या वेळीही तुम्ही असंच केलंत. स्वतःच ठरवायचं आणि दुसऱ्याने बसायचं!" एवढं बोलत बाईही आत आल्या होत्या.

"खिडकीच्या भिंतीला उजेड येतो!"

"कपाटाला उजेड कशाला हवा? ते काय पुस्तक वाचणार आहे?"

हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता पसरली. मुली चेंडू धरून उभ्या. पंचाने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं.

"कपाट शेवटी कुठे ठेवलं?" त्याने विचारलं.

"पॅसेजमध्ये!" दोघं एकदम ओरडले.

पंचाने शिट्टी वाजवली. "दोघांनाही दुसरा दंड. दोघांनीही हॉलबाहेर जायचं. घरचं भांडण घरी."

दुसऱ्या दंडानंतर कोचने बाहेर जायचं, हा नियम सरांना पाठ होता. पुस्तकातलं ते पानसुद्धा डोळ्यांसमोर आलं. त्यांनी कप्तानाकडे पाहिलं. कप्तान म्हणाली, "जा सर, आम्ही बघतो." तिचा चेहरा फार दुःखी नव्हता, पण त्या वेळी सरांचं तिकडे लक्ष नव्हतं.

बाहेरच्या बोळात दोघं पाठ फिरवून उभे राहिले. आतून बूट घासल्याचे, चेंडू आपटल्याचे, लोक ओरडल्याचे आवाज येत होते. कोणी काय केलं, काही कळत नव्हतं.

"आता कोणाचं बास्केट झालं?" बाई न राहवून म्हणाल्या.

"आमचं. आमच्या लोकांचा आवाज ओळखतो मी."

"उगीच काहीतरी."

सरांनी खिसा चाचपला. "साहित्याच्या खोलीची किल्ली आहे माझ्याकडे," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "हॉलला लागूनच आहे ती. वर हवेसाठी जाळी आहे. पण तुम्हाला सांगायचं मला काही कारण नाही."

"चला," बाई म्हणाल्या.

खोलीत फुटके चेंडू, फाटकी जाळी आणि कसरतीच्या जाड गाद्यांचा ढीग होता. भिंतीतली जाळी इतकी उंच, की सरांनाही ढिगावर चढल्याशिवाय दिसेना. आणि भोक इतकं लहान, की एका वेळी एकालाच बघता येई. सर आधी चढले.

"काय चाललंय?"

"आमचं छान चाललंय."

"आणि माझ्या मुली?"

"चुकतायत."

"उतरा खाली!" बाई म्हणाल्या. "मला बघू दे."

बाई सरांच्या खांद्याचा आधार घेत वर चढल्या, चवड्यांवर उभ्या राहिल्या. "हं. आता माझ्या मुली छान खेळतायत. तुमच्या चुकतायत."

"खोटं!"

"तुम्ही काय खरं बोललात?"

असं दोन-तीनदा झाल्यावर दोघांच्याही लक्षात आलं, की या हिशेबाने सामना दोघंही जिंकणार आणि कळणार कोणालाच काही नाही. शेवटी बाईंनीच तोडगा काढला. जो वर चढेल त्याने फक्त दुसऱ्याच्या संघाबद्दल सांगायचं, आणि खरं सांगायचं.

सर चढले. जाळीला डोळा लावून बघत राहिले. "तुमची ती वेणीवाली," ते अखेर म्हणाले, "चेंडू यायच्या आधीच वळते. कसं कळतं हो तिला?"

"शिकवलंय," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा मऊ झाला होता. मग त्या चढल्या.

"अरे देवा!"

"काय? काय झालं? पडली का कोणी?"

"तुमच्या कप्तानाने त्या काटकुळ्या मुलीला आत घेतलं."

"सुतळीला? तिला कशाला? मोडेल ती!"

"मोडत नाही. माझ्या दोघींच्या मधून निघाली. बास्केट." बाईंनी जाळीला नाक चिकटवलं. "तीन वर्षं मी तुमच्याशी सामना असला की हात जोडायची. म्हणायची, आजही या माणसाला ती मुलगी दिसू नये."

सर खाली गादीच्या कडेवर बसले. "मला सांगायचं नाही का?"

"मी? तुम्हाला?"

"हं. तेही खरंच." सरांनी एक फुटका चेंडू उचलला, मांडीवर घेतला. "खरं सांगू का विहीणबाई, मी स्वतः कधी खेळलोच नाही. एक सामनासुद्धा नाही. इथे आलो होतो पुस्तकं लावायला."

"माहीत आहे."

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? तुम्ही चेंडू धरता कलिंगडासारखा. सगळ्या शहराला माहीत आहे." त्या जाळीतून नजर न काढता पुढे म्हणाल्या, "न खेळता इतक्या वेळा अंतिम फेरीला आलात. मला तर खेळूनही धाप लागते."

एवढं चांगलं त्या पहिल्यांदाच बोलल्या होत्या. तेवढ्यात हॉलमध्ये एकच कल्लोळ उठला. "बरोबरी!" बाई ओरडल्या. "शेवटचा चेंडू! तुमच्याकडे आहे!"

आता ठरलेलं बिरलेलं कोण पाळतो! सर ढिगावर चढले. एक गादी सरकली. बाईंनी जाळी धरली, सरांनी भिंत धरायला हात पुढे केला, भिंत हाताला लागली नाही, आणि सगळा ढीग दोघांना घेऊन शांतपणे खाली बसला.

आत छप्पर उडेल असा जल्लोष झाला.

"कोण?" गादीखालून बाईंचा आवाज आला.

"मला काय माहीत!" दुसऱ्या गादीखालून सर म्हणाले. "तुम्ही वर होता ना?"

"तुम्ही पाडलंत!"

दार उघडलं. मुलगा आणि सून दारात उभे होते. गाद्यांखालून चार पाय बाहेर आलेले पाहून मुलाचा चेहरा पांढरा पडला.

"बाबा! लागलं का?"

"कोण जिंकलं?"

"हात हलतोय का बघा आधी."

"अरे, कोण जिंकलं?"

"मी बाहेर अंगणात होतो," मुलगा म्हणाला. "आत आवाज फार होता. कानांना चांगलं नाही ते."

सरांनी डोळे मिटले. सुनेने गादी उचलली, आईला हात दिला आणि म्हणाली, "आई, तू हरलीस. त्या बारीक मुलीने अगदी शेवटी टाकलं."

सरांनी झोपल्या झोपल्याच अशी आरोळी ठोकली, की भिंतीतल्या जाळीतून धूळ पडली. मुलाने दोन्ही कानांवर हात ठेवले. विहीणबाईंनी केस सारखे केले, ओढणी झटकली आणि हात पुढे केला. "अभिनंदन, व्याही. आता उठा, पोरी वाट बघत असतील."

बक्षीस समारंभात नव्या प्राचार्यांनी कप्तानापुढे माइक धरला आणि विजयाचं रहस्य विचारलं. कप्तान सरळ स्वभावाची होती. म्हणाली, "ऐकू आलं."

"म्हणजे?"

"आम्हाला एकमेकींचं ऐकू आलं. एरवी सरांचंच येतं."

सगळा हॉल हसला. सरही हसले, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. पण घरी जाताना त्यांनी एक शब्द काढला नाही. जेवतानाही नाही. बायकोने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"अहो, बरं वाटत नाही का?"

"मी बाहेर गेलो आणि जिंकल्या," सर म्हणाले. "इतकी वर्षं मी करत काय होतो मग?"

बायकोने ताट सारून खुर्ची जवळ ओढली. "मी दात बसवते तेव्हा माणूस तोंड उघडून गप्प असतो. काम झाल्यावर उठतो आणि चावायला लागतो. चावताना मी तिथे असायलाच हवी का?"

सरांनी विचार केला. "म्हणजे मी दातांचा डॉक्टर?"

"म्हणजे तुमचं काम सामन्याच्या आधीच झालेलं असतं. नंतर तुम्ही उगाच तोंडात हात घालून उभे राहता."

दुसऱ्या दिवशी विहीणबाईंचा फोन आला. त्यांच्या मुलींनीही तेच सांगितलं होतं, म्हणाल्या. सामन्याचा तो अर्धा भाग फार मजेत गेला म्हणे. सरांना एवढं बरं अनेक दिवसांत वाटलं नव्हतं.

शेवटच्या वर्षी सरांनी सामन्यात गप्प बसायचं ठरवलं. ठरवणं सोपं होतं. पहिल्या सामन्यात त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले, पण आवाज हातातून येत नाही हे लवकरच दिसलं. मग आयुष्यभर लोकांना गोळ्या-चॉकलेटांवरून झापत आलेल्या बायकोने स्वतः त्यांच्या खिशात चघळायच्या गोळ्या भरल्या. "चार महिन्यांचा प्रश्न आहे," ती म्हणाली. "दात मी बघते." तेव्हापासून सर बाकावर बसले की त्यांचा एक गाल फुगलेला असे. विश्रांतीच्या वेळी मुली भोवती जमत. सर गोळी या गालातून त्या गालात नेत आणि एखादंच वाक्य बोलत. एकच असल्यामुळे मुली ते कान देऊन ऐकत. सरावात मात्र भोंगा पूर्वीसारखाच वाजे. त्याला कोणाची ना नव्हती.

त्या वर्षी करंडक मिळाला नाही. उपांत्य फेरीतच दुसऱ्या एका कॉलेजने हरवलं. सुतळीचा शेवटचा चेंडू कड्यावर फिरला, फिरला आणि बाहेर पडला. ती पाण्याच्या नळापाशी जाऊन तोंड धुवत राहिली. बऱ्याच वेळाने मागे वळली, तर सर उभे.

"माझ्यामुळे हरलो," ती म्हणाली.

"तुझ्यामुळे इथपर्यंत आलो," सर म्हणाले. "माझ्यामुळे तू तीन वर्षं बसून राहिलीस. तो चेंडू त्या तीन वर्षांत आत पडायला शिकला असता."

तिने मान वर केली. सर पहिल्यांदाच इतक्या हळू बोलत होते, की तिला पुढे झुकावं लागलं.

"सकाळी सरावाला ये," ते म्हणाले. "सगळ्यांना सांग."

"सर, मोसम संपला."

"संपला असेल. माझी नोकरी महिनाअखेरपर्यंत आहे."

सकाळी झाडून सगळ्या आल्या. पायऱ्यांवर विहीणबाईही येऊन बसल्या होत्या, गळ्यात स्वतःची शिट्टी अडकवून. सरांनी त्यांना विचारलं, इथे काय काम काढलंत?

"त्या वेणीवालीचं विचारलं होतं ना तुम्ही," बाई बुटांच्या नाड्या आवळत म्हणाल्या. "दाखवायला आलेय. आणि ओरडायचं झालं तर आधी सांगा, मी कापूस आणलाय."